मुरमांची अँटिबायोटिक ट्यूब एकटी लावू नका, आणि थांबायची तारीख ठरवल्याशिवाय सुरूही करू नका

"भाऊ, मुरमांची ट्यूब द्या." तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचं मेडिकल असो की आठवडी बाजाराच्या गावातलं, हे वाक्य रोज ऐकू येतं, लग्नसराईत जरा जास्तच. काउंटरवर येणारी ट्यूब बहुतेक वेळा क्लिंडामायसिन १ टक्का जेलची असते, कधी नॅडिफ्लॉक्सासिनची. दोन्ही अँटिबायोटिक. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण चिठ्ठी कोणी मागत नाही आणि कोणी दाखवतही नाही. पोरगी ट्यूब घरी नेते आणि फक्त फोडावर ठिपका ठिपका लावते. दोन-तीन आठवड्यांत फोड बसतात, ट्यूब आरशामागं जाते. महिन्या-दीड महिन्यात फोड परत येतात, मग ट्यूबही परत बाहेर निघते. असं तीन-चारदा झालं की घरचे म्हणतात, "आता ही दवाई लागत नाही."

खरंच लागत नसते. त्यात पोरीच्या चामडीचा दोष नाही, कंपनीचाही नाही. औषध चांगलं आहे, पण ते एकट्यानं लावायचं नाही आणि वर्षभर लावायचं नाही, हे कोणी सांगितलेलंच नसतं. मला सगळ्यात जास्त याचाच राग येतो, कारण सांगायला दोन मिनिटं लागतात.

मुरूम होतो कसा, तिथून सुरुवात करू. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना तेल वाढतं. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं. आत कोंडलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जीवाणू पोसले जातात (याचं जुनं नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम) आणि मग शरीर त्यांच्यावर चिडतं. तो लाल, ठणकणारा फोड म्हणजे ही चीड. अँटिबायोटिक मलम जीवाणू कमी करतं, थोडी सूजही उतरवतं. बुचाला मात्र ते हात लावत नाही. म्हणून नुसते पांढरे दाणे आणि काळे ठिपके असतील, लाल फोड नसतील, तर क्लिंडामायसिन लावून काहीही उपयोग नाही. काळा ठिपका म्हणजे मळही नाही. उघड्या छिद्रातल्या बुचाचा तो रंग असतो आणि कितीही घासलं तरी जात नाही.

आणखी एक हिशोब डोक्यात ठेवा. डोळ्याला न दिसणारं बूच पिकून फोड व्हायला साधारण आठ आठवडे जातात. आज जो उपचार सुरू कराल त्याचा खरा निकाल सहा ते आठ आठवड्यांनी दिसणार. दहा दिवसांत ट्यूब बदलणाऱ्याला कोणतंच औषध लागू पडत नाही.

आता मुख्य मुद्दा. एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिनला दाद न देणारे मुरमांचे जीवाणू अमेरिकेत १९७९ सालीच नोंदवले गेले. ही नवी भानगड नाही. एकटं अँटिबायोटिक लावलं की कमजोर जीवाणू मरतात, दाद न देणारे उरतात आणि पुढच्या खेपेला त्यांचंच रान. बरं, चेहऱ्यावर फक्त मुरमांचेच जीवाणू नसतात. गळू करणारा, जखम पिकवणारा, कधी हाडापर्यंत जाणारा स्टॅफिलोकॉकस कातडीवर आणि नाकात राहतो. ट्यूब त्यालाही रोज थोडी थोडी चाटवली जाते. हाडाच्या जंतुसंसर्गात किंवा पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या माणसाला डॉक्टर जी औषधं देतात त्यांत हेच क्लिंडामायसिन असतं. कपाशीत पायात काटा घुसून पाय पिकलेल्या बापाला उद्या ते लागू शकतं. आणि घसा धरला की गावोगावी जी अझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पत्ती घेतली जाते, ती जीवाणूच्या पेशीत क्लिंडामायसिनच्या जवळपास त्याच जागी बसते. त्यामुळे एकाला दाद न देणारा जीवाणू बरेचदा दुसऱ्यालाही देत नाही. चेहऱ्यावरची ट्यूब आणि घशाची गोळी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

यावर उपाय आहे आणि तो महागही नाही. त्याचं नाव बेन्झॉइल पेरॉक्साइड. हे अँटिबायोटिक नाही. ते छिद्रात उतरून ऑक्सिजन सोडतं, आणि हवा न मानवणाऱ्या या जीवाणूला ते झेपत नाही. त्याच्याविरुद्ध जीवाणू तयार होत नाहीत, आणि क्लिंडामायसिनसोबत लावलं तर क्लिंडामायसिनविरुद्ध तयार होणारेही ते मारून टाकतं. शिवाय बूच थोडं सैल करतं. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी या त्वचेच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०२४ च्या सूचनाही हेच सांगतात, मुरमांवर लावायचं अँटिबायोटिक एकटं देऊ नका, बेन्झॉइल पेरॉक्साइडसोबत द्या. घेताना अडीच टक्क्याचं घ्या. जास्त टक्के म्हणजे जास्त गुण असं लोकांना वाटतं, पण लाल फोडांवर अडीच टक्के जवळपास दहा टक्क्यांइतकंच काम करतं. दहा टक्क्यांत जळजळ आणि सालं निघणं तेवढं वाढतं. दोन्ही औषधं एकत्र असलेलं जेलही मिळतं.

बूच काढायला तिसरं औषध, ॲडापेलीन ०.१ टक्का. ते रात्रीचं.

लावायचं कसं? सकाळी साध्या सौम्य साबणानं तोंड धुवायचं, एकदाच. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात साबणाला फेस येत नाही म्हणून पोरं दोन-तीनदा खसाखसा घासतात आणि तिथंच अर्धी कातडी सोलून घेतात. फेस नाही आला तरी चालतं. पाणी टिपून घ्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा, कारण ओल्या तोंडावर ही औषधं जास्त झोंबतात. मग क्लिंडामायसिन-बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल हरभऱ्याच्या दाण्याएवढं बोटावर घ्या. हे पाव ग्रॅमच्या आसपास होतं. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके लावा आणि तिथून पातळ पसरवा. फोड असो नसो, जिथं मुरूम येतात तो सगळा भाग झाकला गेला पाहिजे, कारण पुढचा फोड जिथं तयार होतोय तो आज दिसत नाही. डोळ्यांच्या कडा, नाकपुडीचा कोपरा, ओठांची किनार सोडा. पांढरा थर दिसत असेल तर जास्त झालं. या मापानं रोज एकदा लावलं तर १५ ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरते. तुमची आठवड्यात संपत असेल तर तुम्ही लिंपताय.

रात्री ॲडापेलीन, तेवढंच, तसंच. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. या काळात तोंड कोरडं पडेल, थोडी सालं निघतील, काहींचे मुरूम थोडे वाढल्यासारखेही दिसतील. इथंच बहुतेक जण सोडतात. सोडू नका, दिवस लांबवा, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. खोबरेल तेल नको, ते छिद्रं बुजवतं. डोक्याला तेल चोपडून झोपणाऱ्यांच्या कपाळावर केसांच्या रेषेलगत जे बारीक दाणे येतात त्याचं कारण बरेचदा तेच तेल असतं. गरोदर बाई असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर ॲडापेलीन लावायचं नाही, डॉक्टरांना विचारून दुसरं घ्यायचं. ॲझेलाइक ॲसिड त्यासाठी आहे.

बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या दोन खोड्या आधीच सांगतो. एक, ते कापडाचा रंग उडवतं. काळ्या दुपट्ट्यावर, उशीच्या खोळीवर, टॉवेलवर तांबूस-पिवळे डाग पडतात आणि ते धुऊन निघत नाहीत. पांढरा जुना टॉवेल आणि पांढरी खोळ वापरा, जेल पूर्ण वाळल्यावरच स्कार्फ बांधा. दुसरी खोडी आपल्या उन्हाची. हे औषध तापलं की खराब होतं आणि त्यातून बेंझीन तयार होऊ शकतं, जे आरोग्याला घातक आहे. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियंत्रण खात्यानं, अशी ९५ उत्पादनं तपासली आणि २०२५ मध्ये निकाल जाहीर केला. नव्वद टक्क्यांहून जास्त उत्पादनांत बेंझीन आढळलं नाही किंवा अगदी नगण्य होतं. म्हणजे घाबरून सोडायचं कारण नाही, पण ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडं पारा ४५ च्या वर जातो तेव्हा टिनाच्या छपराखालच्या फळीवर किंवा मोटरसायकलच्या डिक्कीत ट्यूब ठेवायची नाही. माठाजवळ, भिंतीच्या सावलीतल्या कोनाड्यात ठेवा. मुदत संपलेली वापरू नका.

वेचणीला किंवा गाडीवर जाताना तोंडाला बांधलेला स्कार्फ घामानं भिजतो आणि दिवसभर गालावर घासतो. त्यानंही मुरूम वाढतात. सुती कापड, सैल गाठ, रोज धुतलेलं.

आता तारीख. अँटिबायोटिक लावायला सुरुवात कराल त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारा आठवड्यांनंतरचा दिवस गोल करून ठेवा. आठ आठवड्यांनी एकदा उजेडात चेहरा नीट पाहा. लाल फोड निवळले असतील तर क्लिंडामायसिन तिथंच बंद. बाराव्या आठवड्याला तर काहीही असो, बंद. बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापेलीन मात्र चालू ठेवायचं, पुढं कित्येक महिने, कारण मुरूम परत येऊ न देण्याचं काम ते करतात. आपल्याकडं बरोबर उलटं चालतं, अँटिबायोटिक वर्षानुवर्षं आणि बाकीचं कधीच नाही. उरलेली ट्यूब लहान भावाला देऊ नका.

घरात जखमेसाठी आणलेली फ्रामायसेटिन किंवा निओमायसिनची ट्यूब मुरमांना लावणारेही पुष्कळ आहेत. या गटातल्या औषधांना जीवाणूच्या आत शिरायला ऑक्सिजन लागतो आणि मुरमांचा जीवाणू राहतो बिनहवेच्या छिद्रात. त्यामुळे गुण शून्य, आणि निओमायसिननं ॲलर्जी होऊन तोंड सुजू शकतं ते वेगळंच. टूथपेस्ट आणि लिंबू यांनीही भाजल्यासारखं होतं, लिंबू लावून उन्हात गेलात तर काळे चट्टे उठतात. संत्र्याच्या सालीचं पीठ आपल्याकडं घरोघरी असतं, पण फोड आलेल्या गालावर ते चोळणं म्हणजे फोड फोडणं.

सगळ्यात घातक मात्र स्टेरॉइड मिसळलेलं मलम. एकाच ट्यूबमध्ये अँटिबायोटिक, बुरशीचं औषध आणि स्टेरॉइड असतं, म्हणून लोक त्याला अँटिबायोटिक क्रीमच समजतात. ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं एकही नाव दिसलं तर ते मुरमांसाठी नाही. चार दिवसांत तोंड गोरं, गुळगुळीत दिसतं आणि तिथंच फसगत होते. काही महिन्यांत कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पोरींच्या गालावर लव वाढते, उन्हात गेलं की आग होते. मलम थांबवलं की पहिल्यापेक्षा दुप्पट फोड उसळतात, म्हणून परत तेच लावलं जातं. २०१८ साली सरकारनं ही स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. कागदावर आहे. महिनोन्महिने लावून झालं असेल तर स्वतःच्या मनानं एकदम तोडू नका, त्वचेच्या डॉक्टरांना ट्यूबच नेऊन दाखवा.

आणखी एक गोष्ट नजरेत ठेवा. कपाळावर, छातीवर, पाठीवर सगळे एकाच मापाचे बारीक दाणे आणि वर खाज, तर ती बरेचदा बुरशी असते. अँटिबायोटिकनं ती उलट वाढते. मुरूम सहसा दुखतो, असा खाजत नाही. महिनोन्महिने अँटिबायोटिक चालू असताना नाक-तोंडाभोवती अचानक पिवळ्या पुवाचे फोड आले तर तो दुसऱ्याच जीवाणूंचा संसर्ग असू शकतो.

खोल गाठी असतील, खड्डे पडत असतील, पाठ भरून मुरूम असतील तर ट्यूबचा नाद सोडा. तिथं पोटातून औषध लागतं आणि उशीर झाला की खड्डे कायमचे राहतात. पोरीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, ते लाजायचं कारण नाही. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, सेवाग्राम आहे. एवढं जाणं होत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ई-संजीवनीवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन डॉक्टर-सल्ला सेवेवरून, विचारून पाहा. फोटो दिवसाउजेडी, मेकअप न लावता काढा.

आणि मेडिकलवाल्या भावांना हात जोडून विनंती. तुम्ही गावाचे पहिले डॉक्टर आहात, लोक तुमचं ऐकतात. चिठ्ठी नसेल तर क्लिंडामायसिन देऊ नका. चिठ्ठीत नुसतं क्लिंडामायसिन असेल तर गिऱ्हाइकाला सांगा, "डॉक्टरांना विचारा, यासोबत दुसरं काय लावू?" आणि ट्यूब देताना पेनानं खोक्यावर दोन तारखा टाका, सुरू केल्याची आणि बंद करायची.

(मापात, नावात काही चुकलं असेल तर कमेंटमध्ये सांगा, दुरुस्त करतो. पण ट्यूबचे फोटो टाकून "हे लावू का?" असं विचारू नका. चेहरा पाहिल्याशिवाय कोणीही सांगू नये.)