‘कलम ४९ अ’ सांगून मत मिळत नाही

निवडणूक आली की हा मेसेज उगवतो. २०१९ च्या लोकसभेला होता, २०२४ मध्ये लोकसभा-विधानसभा दोन्हींना होता आणि जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेच्या मतदानाआधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा हजर. निवडणूक आयोगाने हे खोटं असल्याचं जाहीर करून झालं, पण तो खुलासा काही ग्रुपवर फिरत नाही.

ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचला नसेल (असे भाग्यवान कोण?) त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात: मतदान केंद्रावर गेल्यावर यादीत नाव नसेल तर घाबरू नका, आधार कार्ड दाखवा आणि कलम ४९ अ खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकलं असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा. एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांपेक्षा जास्त टेंडर व्होट झाले तर तिथे फेरमतदान होतं. यावेळच्या आवृत्तीला दोन नवी शेपटं होती: नोटाला (यंत्रावरचं ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण) जास्त मतं पडली तर सगळे उमेदवार बाद, आणि मतदान यंत्र मोबाइलच्या ओटीपीने उघडता येतं. शेवटी ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’. ही एक सूचना मात्र लोक तंतोतंत पाळतात.

मी एरवी अशा मेसेजकडे दुर्लक्ष करते. ‘शुभ प्रभात’च्या फुलांसारखेच तेही अंगठ्याने वर ढकलायचे. पण विधानसभेच्या वेळी याच मेसेजपायी माझ्या आत्याचं मत गेलं. फसवून नव्हे, चोरूनही नव्हे. तिनेच ते घालवलं, मोठ्या विश्वासाने.

आत्या कोथरूड सोडून धायरीला मुलाकडे राहायला गेली. आधार कार्डावरचा पत्ता बदलला, गॅसचा बदलला, बँकेतला बदलला. मतदार यादीतलं नाव राहिलं कोथरूडलाच. ‘आत्या, नमुना ८ भर, नाव इकडे येईल,’ असं मी गणपतीत सांगितलं, दिवाळीत सांगितलं. तिचं उत्तर ठरलेलं: ‘अगं, आता आधार दाखवलं की झालं. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलंय, एका निवृत्त न्यायाधीशांनी लिहिलंय.’ २० नोव्हेंबर २०२४ ला ती सकाळीच घराजवळच्या शाळेत गेली. औषधाच्या बिलामागे पेनाने ‘४९ अ’ लिहून घेतलं होतं, कारण मोबाइल आत नेता येत नाही एवढं तिला माहीत होतं. रांगेत उभी राहिली, टेबलाशी पोचली, यादीत नाव नाही. तिने आधार पुढे केलं आणि कलम सांगितलं.

टेबलापलीकडे होते एक शिक्षक. आदल्या दिवशी सामान ताब्यात घेऊन मुक्कामी आलेले, पहाटे उठून मॉक पोल (यंत्राची चाचणी) उरकलेले. ते म्हणाले, ‘आजी, नाव असल्याशिवाय मला देता येत नाही.’ आत्या म्हणाली, ‘तुम्हाला कायदा माहीत नाही.’ मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी तिची री ओढली. त्यांनाही तोच मेसेज आलेला. शेवटी पोलिसाने तिला बाजूला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ती तणतणत घरी आली. तिचं नाव कोथरूडच्या यादीत शाबूत होतं. पत्ता बदलल्यावर नावही हलवायला हवं हे खरंच, पण त्या दिवशी रिक्षाने जुन्या शाळेत गेली असती तर मतदान करून आली असती. ते मला संध्याकाळी कळलं, मतदान संपल्यावर.

तर आता मेसेजकडे वळू.

पहिली गोष्ट म्हणजे हे कलम. लोकसभा-विधानसभेचं मतदान कसं घ्यायचं हे ‘निवडणूक संचालन नियम, १९६१’ या नियमावलीत लिहिलेलं आहे. इंटरनेटवर फुकट मिळते, कुणीही उघडावी. त्यात ४९ अ हा नियम खरोखर आहे. तो सांगतो की मतदान यंत्राला एक कंट्रोल युनिट आणि एक बॅलटिंग युनिट असावं आणि त्याची रचना निवडणूक आयोगाने मंजूर केलेली असावी. त्यापुढे मताची चिठ्ठी छापणारा प्रिंटर जोडता येतो, एवढंच. संपला नियम. म्हणजे आत्याने त्या शिक्षकांना ठणकावून सांगितलं की ‘यंत्राला दोन भाग असतात, म्हणून मला मत टाकू द्या’. बरं, मेसेज पालिकेच्या निवडणुकीला पुन्हा फिरवताना एवढंही कुणाच्या डोक्यात आलं नाही की ही नियमावली पालिकेला लागूच नाही. पालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांचा कायदा वेगळा.

आता यादीत नाव नसणं आणि आधार. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम ६२: ज्याचं नाव मतदार यादीत नाही त्याला मतदानाचा हक्क नाही. यात पळवाट नाही. आधार चालतं ते ओळख पटवायला. मतदार ओळखपत्र जवळ नसेल तर आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, पॅन अशा डझनभर कागदांपैकी एक दाखवता येतो, पण आधी यादीत नाव हवं. आधार सांगतं की तुम्ही तुम्हीच आहात. तुम्ही तिथले मतदार आहात हे यादी सांगते. मेसेजने या दोन गोष्टींची गाठ मारली आणि लोकांनी ती सोडवायचे कष्टही घेतले नाहीत.

आणि ‘चॅलेंज व्होट’? हे तर अगदीच उफराटं. नियम ४९ जे वाचा. चॅलेंज मतदार करत नाही, मतदारालाच करतात. बूथवर बसलेल्या उमेदवाराच्या पोलिंग एजंटला वाटलं की समोर आलेला माणूस तोतया आहे, तर त्याने २ रुपये भरायचे आणि आक्षेप घ्यायचा. हो, दोनच रुपये. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात. आक्षेप खोटा ठरला तर मतदाराला मत टाकू देतात, खरा ठरला तर त्याला अडवून पोलिसांकडे देतात. एजंटने उगाच त्रास द्यायला आक्षेप घेतला असेल तर त्याचे २ रुपये जप्त. म्हणजे यादीत नाव नसलेली माणसं ज्या गोष्टीची मागणी करत होती, ती आहे ‘माझ्यावर तोतयेगिरीचा आक्षेप घ्या’ अशी!

मला सगळ्यात जास्त राग या मुद्द्याचाच येतो, कारण नुकसान इथे होतं. यादी वेळेत बघणं हे कंटाळवाणं काम आहे. पीडीएफ उघडा, भाग क्रमांक शोधा, नाव तपासा, नसेल तर नमुना ६, हलवायचं असेल तर नमुना ८, मग बीएलओ (आपल्या भागाची यादी सांभाळणारा कर्मचारी) घरी येईल तेव्हा घरी असा. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. हा मेसेज माणसाला सांगतो की यातलं काही करायची गरज नाही, ऐनवेळी कलम सांगितलं की दार उघडेल. आळशाला आणखी काय हवं? आणि ज्यांनी तो पाठवला त्यांना वाटतं आपण लोकशाहीची सेवा केली.

टेंडर व्होट. इथे मात्र मान्य करायला हवं की ही गोष्ट खरी आहे. नियम ४९ पी. तुमच्या नावावर कोणी आधीच मत टाकून गेलं असेल आणि ओळखीच्या प्रश्नांना तुम्ही नीट उत्तरं दिलीत, तर तुम्हाला मत देता येतं. फक्त यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर. सही घेतात, मतपत्रिका वेगळ्या लिफाफ्यात जाते. मराठीत तिला प्रदत्त मत म्हणतात. हा हक्क मागायलाच हवा, गप्प घरी येऊ नये. पण मेसेज पुढचं सांगत नाही: तो लिफाफा मतमोजणीत उघडत नाहीत. निकाल अगदी काठावरचा लागला आणि कोणी कोर्टात गेलं, तरच त्याला किंमत. राजस्थानात २००८ मध्ये नाथद्वाऱ्याला काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा टेंडर मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याकडे २०२४ ला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. हरलेले अमोल कीर्तिकर उच्च न्यायालयात गेले, त्यांच्या याचिकेत टेंडर मतांचा मुद्दा होताच. डिसेंबर २०२४ मध्ये ती फेटाळली गेली. ४८ मतांच्या फरकाला जिथे हे हत्यार चाललं नाही, तिथे तुमच्या प्रभागात ते काय दिवे लावणार!

आता ते १४ टक्के. हा आकडा कुठल्याही नियमात नाही. चौदा विद्यांतून आला की समुद्रमंथनातल्या चौदा रत्नांतून, लिहिणाऱ्यालाच ठाऊक. फेरमतदान होतं ते यंत्र बिघडलं, नेलं, फोडलं, मतदानात गंभीर चूक झाली किंवा बूथ बळकावला तर, आणि तेही आयोग ठरवतो. बरं, हिशोब तरी करा. हजार मतांच्या केंद्रावर १४ टक्के म्हणजे १४० माणसं. केंद्राध्यक्षाला मिळणाऱ्या सामानात टेंडर मतपत्रिका असतात वीस.

नोटाबद्दल. लोकसभा-विधानसभेला नोटाने काहीही होत नाही. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७,५०० मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आली, २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीतही दुसरी. पहिली आली असती तरी तिच्या खालोखालचा उमेदवार निवडून आला असता. पण, आणि हे मी नाइलाजाने लिहिते आहे, महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांपुरतं यात तथ्य आहे. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला की नोटाला सर्वाधिक मतं पडली तर निकाल जाहीर न करता पुन्हा निवडणूक घ्यायची. म्हणजे मेसेजचं हे एक शेपूट पालिकेपुरतं अर्धं खरं निघालं. ‘सगळे उमेदवार बाद’ हा मसाला वरून भुरभुरलेला. आणि जिथे एकच अर्ज उरला, तिथे मतदानच नाही, मग नोटा दाबणार कुठे? जानेवारीत डझनांनी नगरसेवक बिनविरोध आले, त्यावर ग्रुपवर एक ओळ नाही.

ओटीपीचं प्रकरणही मुंबई उत्तर-पश्चिमचंच. जून २०२४ मध्ये एका इंग्रजी दैनिकाने छापलं की मतमोजणी केंद्रात एका उमेदवाराच्या नातेवाइकाने वापरलेला मोबाइल मतदान यंत्र उघडायला लागणाऱ्या ओटीपीसाठी होता. निवडणूक निर्णय अधिकारी वंदना सूर्यवंशी यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की यंत्राला ओटीपी लागत नाही, ते बाहेरच्या कशालाच जोडलेलं नसतं. ओटीपी लागतो तो आकडे भरायच्या संगणक प्रणालीला. मोजणी केंद्रात मोबाइल गेलाच कसा हा प्रश्न रास्त होता आणि त्यावर गुन्हाही दाखल झाला. दैनिकाने चूक कबूल करून माफी मागितली. बातमी देशभर गेली, माफी तेवढी पोचली नाही. वर्तमानपत्रांवरचा विश्वास असाच जातो, आणि मग माणसं म्हणतात ‘त्यापेक्षा व्हॉट्सॲप बरं’. तिथे तर माफी मागायलाही कुणी नसतं.

हे सगळं मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. थोडं कमी रागावून. सेक्रेटरी काकांचं उत्तर आलं: ‘म्हणजे याद्यांत घोळ नाही असं तुम्हाला म्हणायचंय का? तुम्ही आयोगाच्या वकील का?’ खाली तीन अंगठे.

नाही हो काका. याद्यांत घोळ आहेच. नसता तर १ नोव्हेंबर २०२५ ला विरोधी पक्षांना त्यासाठी मुंबईत मोर्चा काढावा लागला नसता आणि राज्य निवडणूक आयोगाला दुबार नावांपुढे दोन-दोन चांदण्या (**) छापाव्या लागल्या नसत्या. आपल्याच इमारतीच्या यादी भागात वारलेल्या माणसांची नावं आहेत आणि भाडेकरू सोडून गेले तरी त्यांचीही आहेत. म्हणून तर म्हणते, यादी वाचा. वर्षातून चार तारखा असतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या दिवशी अठरा पूर्ण झालेल्याला नाव घालता येतं, आणि नाव हलवायला तर तेवढीही वाट बघावी लागत नाही. मृत व्यक्तीचं नाव काढायला नमुना ७ आहे. तो भरायला निवृत्त न्यायाधीश लागत नाहीत, सेक्रेटरीही पुरतो. भरून द्या, बीएलओंना गाठायचं काम मी करते.