अर्थ लागेना

आमचा टेम्पो १९९८ सालचा. मागे टोमॅटोचे क्रेट भरलेले, पहाटे नारायणगावच्या बाजारात पोचायचंय, आणि मी सेल मारला तर आवाज फक्त 'टक्'. हेडलाइट मात्र तसेच लख्ख.

"बॅटरी गेली," तरी गल्लीतल्या प्रत्येकाने सांगितलं. जुनी बॅटरी देऊन नवी आणली. टक्. मग सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर, उतरवून त्याचे ब्रश बदलले. टक्. शेवटी वायरमन गाडीखाली झोपला आणि तिथूनच म्हणाला, "दादा, गाडीला अर्थच नाहीये."

"मी सहा वर्षं तेच सांगतेय," ओट्यावरून बायको.

वायरमनचं म्हणणं असं की अर्थ म्हणजे करंटची बॅटरीकडे परतायची वाट. बॅटरीची मायनस केबल चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला बांधलीय, ते ठीक. पण इंजिन बसलंय रबराच्या माउंटिंगवर. म्हणजे एकाच घरात राहून दोघांचं बोलणं नाही. मध्ये निरोप न्यायला जाड अर्थ पट्टी लागते. ती कुठे असते, यावर आमच्याकडे तीन मिस्त्री आणि चार मतं. एक म्हणे गिअरबॉक्सच्या बोल्टला, दुसरा म्हणे सेल्फच्याच बोल्टला. तिसरा आधी रेडिएटरकडे बोट दाखवायचा, चहा झाला की मागच्या बाजूला.

मग मीच पोतं अंथरून आत शिरलो. पंचवीस वर्षांचं ऑइल आणि चिखल मिळून झालेला थर स्क्रू ड्रायव्हरने खरवडला. एक वायर सापडली, आनंद झाला. ती कधीच काढून टाकलेल्या हॉर्नची निघाली. आणखी खरवडल्यावर चासीच्या आतल्या अंगाला एक गंजका बोल्ट, त्याखाली थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी), आणि थिंबलला तांब्याच्या दोन हिरव्या पडलेल्या तारा. बाकीची पट्टी कुठल्या रस्त्यावर पडली, देव जाणे.

मग इतके दिवस करंट परत कुठून जात होता? अॅक्सिलरेटरच्या केबलमधून! तिचं प्लास्टिक दोनदा वितळलं होतं आणि दोन्ही वेळा मी दुकानदाराशी 'डुप्लिकेट माल' म्हणून भांडलो होतो.

खात्रीसाठी वायरमनने जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला. सेल मारला. पहिल्या झटक्यात गाडी सुरू. बोल्टखालचा रंग-गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, नव्या पट्टीचं एक टोक तिथे आणि दुसरं गिअरबॉक्सला आवळलं, वर व्हॅसलीन फासलं. पट्टी १८० रुपये. बॅटरी आणि ब्रशचा हिशोब घरात सांगितलेला नाही.

दुसऱ्या दिवशी बॅटरीवाला वाटेत भेटला. खूश होता. "दादा, तुमची जुनी बॅटरी एक नंबर निघाली. माझ्याच ट्रॅक्टरला लावलीय."