समुदायाचा सहभाग कसा घ्यावा: आयोजकांसाठी हुकमी सूचना

अभिनंदन! एड्स, टीबी आणि मलेरियासाठी जिनिव्हाच्या ग्लोबल फंडाकडे पैसे मागायचे, तर या रोगांनी पोळलेल्या माणसांना विचारल्याचा पुरावा अर्जासोबत लावावा लागतो, एवढं तुमच्या कानावर आलंय. अर्धं काम झालं. विचारावं लागतं असं मी म्हणालो नाही हं, पुरावा लावावा लागतो म्हणालो. मागच्या आठवड्यात धुळ्याला हायवेवरच्या एका हॉटेलात या विद्येचं प्रात्यक्षिक बघून आलोय. गरम आहे तोवर सांगून टाकतो.

तारीख दिल्लीच्या सोयीने काढा. होळीच्या आधीचा आठवडा सर्वोत्तम. सातपुड्यात तेव्हा भोंगऱ्याचे, म्हणजे आदिवासींचे होळीआधीचे बाजार भरतात, ऊसतोडीला गुजरातेत गेलेली माणसं त्याच दिवसांत घरी येतात. म्हणजे ज्यांना विचारायचं ते सगळे डोंगरात, आणि तुम्ही धुळ्यात. निमंत्रण आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ करून टाका. तिकडे सातपुड्यातल्या धडगावात रेंज आली की पोहोचेल.

टीबीवरची बैठक खिडक्या न उघडणाऱ्या एसी हॉलमध्येच घ्या.

प्रतिनिधी निवडताना विशेष काळजी घ्या. नियम असा आहे की फंडाकडे अर्ज करणाऱ्या देशाच्या समन्वय समितीवर बिगरसरकारी गटांनी आपला माणूस आपणच, उघड पद्धतीने निवडायचा. जिनिव्हाच्या संचालक मंडळात मताचा अधिकार असलेल्या २० जागा आहेत, त्यातली एक तर थेट या रोगांसोबत जगणाऱ्यांची. तिकडे चालतं हो असलं, थंड हवेचं गाव ते! आपल्याकडे एक फोन करायचा, 'तुमची बिनविरोध निवड झाली, आधारची झेरॉक्स पाठवा' म्हणून सांगायचं. माणूस मात्र मागच्या बैठकीत गप्प बसलेलाच बघा.

आता मागण्यांची यादी. २०२३ पासूनच्या फेरीत फंडाने एक जोडपत्र सक्तीचं केलं: लोकांनी स्वतःच्या जास्तीत जास्त २० मागण्या लिहून अर्जासोबत द्यायच्या. घाबरू नका, यादी आधीच टाइप करून न्या. लोकांच्या हातात रंगीत टिकल्या द्या आणि आवडेल त्या ओळीपुढे चिकटवायला सांगा. फोटो झकास येतो. तरीही कोणी उभं राहून बोललंच, तर बोलणं टिपून घ्यायचं पिवळं कार्ड आहेच. धडगावकडची एक बाई बोलली. नवरा ऊसतोडीला सुरतेकडे गेला, बरोबरच्या टीबीच्या गोळ्या संपल्या, तिथल्या दवाखान्याने सांगितलं 'तुमच्या गावाहून आणा', आणि गावच्या आरोग्य केंद्राने सांगितलं 'पेशंटला समोर आणा'. कागदावर रुग्णाची नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात सहज सरकते, गोळ्या सरकत नाहीत, एवढंच तिचं म्हणणं. सहा महिन्यांचा कोर्स, मधेच खंड पडला की आजार औषधाला दाद देईनासा होण्याची भीती. सूत्रसंचालक मॅडमनी मान डोलावत ऐकून घेतलं आणि कार्डावर लिहिलं: 'जनजागृती'.

जेवण मात्र चांगलं ठेवा. पनीर ठेवा. वांग्याच्या भरताच्या मुलखात आलो होतो याचा कुठे पुरावा राहायला नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रवासखर्च. इथे ढिले पडलात तर लोक पुढच्या वेळी खरंच येतील. त्या बाईसोबत आणखी दोघी होत्या. तिघी अंधारातच निघालेल्या. शहाद्यापर्यंत काळी-पिवळी, पुढे एसटी, धुळ्याच्या स्टँडवरून हॉटेलपर्यंत रिक्षा. हिशोबाच्या टेबलवर एक तरुण लॅपटॉप उघडून बसलेला. काळी-पिवळीची पावती? नाही. शहाद्याच्या ड्रायव्हरला मागितली होती, तो म्हणाला, "पावती? कसानी पावती?" मग ते पैसे बाद. रिक्षाची पावती? बाद. एसटीचं तिकीट निघालं तर पोरगा ते उजेडात धरून म्हणतो, हे अर्धं कसं? फुल तिकीट लावा, नाहीतर ऑडिटला चालणार नाही. अरे बाबा, मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना एसटीत अर्धंच तिकीट आहे! राज्यभर बायका त्यावर फिरतायत, आणि तुझ्या ऑडिटला त्याचा पत्ता नाही? बरं, ते मान्य झालं, तर रोख देता येत नाही, रद्द केलेला चेक आणा. जिच्याकडे पासबुकच पोस्टातलं आहे, तिने चेक कुठून फाडायचा? तोच पोरगा स्वतः विमानाने आलेला. त्याचा बोर्डिंग पास चालतो. आणि या तिघींना नाश्त्याच्या कुपनावर सही करायला लावली, हजेरीपत्रकावर लावली, फोटोच्या संमतीपत्रावर लावली, एका कोऱ्या व्हाउचरवरसुद्धा लावली. सही घेताना कशालाच पावती लागली नाही.

कात्री कुठे लावायची तेही ठरवून ठेवा. २०२५ मध्ये फंडाने चालू अनुदानांतून १४३ कोटी डॉलर कापले. नोव्हेंबरात जोहान्सबर्गला १,८०० कोटी डॉलर मागितले, जमले १,१३४ कोटी. खरी अडचण आहे, नाही कोण म्हणतं? पण धुळ्याच्या त्या हॉलमध्ये पडद्यावर काटछाटीचा तक्ता आला, तेव्हा पहिली रेघ पाड्यावर जाऊन गोळ्यांची चौकशी करणाऱ्या बाईच्या मानधनावर होती. हॉटेलच्या बैठकांची ओळ जशीच्या तशी.

आता सूचना पुरे झाल्या.

साहेब, मॅडम, तुम्ही आम्हाला येडं समजता का? २०२४ च्या सुरुवातीला टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा झाला, तेव्हा तुमचा एकही डॅशबोर्ड आमच्याकडे धावून आला नाही. कोणाकडे किती पट्ट्या उरल्यात हे आम्ही फोन करकरून गोळा केलं, एकाच्या पट्ट्या दुसऱ्याला पोहोचवल्या. टीबीच्या पेशंटला पोषणाचे महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, पण खात्यात पडतात की नाही हे बँकेच्या रांगेत कोण उभं राहून बघतं? आम्हीच ना? हे काम करणाऱ्यांना तुम्ही टिकल्या चिकटवायला बोलावता. लाज वाटायला हवी. सहभागाची अट जिनिव्हाने उगाच घातलेली नाही. एड्सच्या रुग्णांनी रस्त्यावर उतरून, दारं ठोठावून ती मिळवली. अनेकजण औषध मिळायच्या आत गेले. तुम्ही त्या अटीचं हजेरीपत्रक करून टाकलं.

त्या तिघींचं भाडं अजून मिळालेलं नाही. या आठवड्यात द्या, काळी-पिवळीसकट. पिवळ्या कार्डावर जे लिहिलं ते खोडा आणि ती बाई जे बोलली ते लिहा. आणि तुमचा अर्ज जाण्याआधी धडगावला येऊन वाचून दाखवा, मराठीत आणि आमच्याकडच्या पावरी बोलीत. नाहीतर हजेरीपत्रकावरच्या आमच्या सह्या आम्ही लेखी परत घेतो, आणि त्याची एक प्रत जिनिव्हाला जाईल. ई-मेल आम्हालाही करता येतो.