बाराची यादी युंगची नाही
स्वभावाच्या टेस्टवरच्या एका लेखातलं ‘युंगने सांगितलेल्या १२ आर्किटाइप्सपैकी तुमचा एक शोधा’ हे वाक्य खटकलं. आर्किटाइप म्हणजे सगळ्याच माणसांच्या मनात मुळात असलेले नमुने. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने अशी बाराची यादी केलीच नव्हती, तो पर्सोना (जगाला दाखवायचा मुखवटा), शॅडो (त्याबद्दल पुढे), ॲनिमा-ॲनिमस (पुरुषाच्या मनातली स्त्री, स्त्रीच्या मनातला पुरुष), सेल्फ (संपूर्ण मन) यांबद्दल बोलायचा आणि त्याच्या मते आयुष्यात जितके ठरावीक प्रसंग तितके आर्किटाइप. बाराचा साचा लेखिका कॅरल पिअर्सन यांच्या १९९१ च्या पुस्तकातला, पुढे तोच ब्रँडिंगवाल्यांनी उचलला.

मीपण अशी टेस्ट दिलीये, ‘केअरगिव्हर’, म्हणजे सगळ्यांची काळजी घेणारी, आलं. घरात थोरली ना, त्यामुळे आठवडाभर मिरवलं. मग धाकटी बहीण म्हणाली, ताई तू सगळ्यांचं करतेस खरं पण कुणी दखल घेतली नाही की दोन दिवस भांडी आपटतेस, ते कुठल्या खान्यात बसवायचं? तेव्हा ट्यूब पेटली. युंगचा शॅडो म्हणजे हेच, आपण स्वतःचं म्हणून कबूल करत नाही तो भाग, आणि पूर्ण लेखात त्यावर एक ओळ नाही! आपणच आपल्याबद्दल उत्तरं टिक करणार म्हटल्यावर तो भाग टेस्टमध्ये दिसणार कसा? ‘तुम्हाला राग येतो का’ला मी बिनधास्त ‘क्वचित’ टिक केलं होतं.