इमारत नको, वाडीत फिरणारं माणूस द्या

गणपतीपासून मुंबईतल्या आमच्या गावमंडळांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘कोकणात म्हातारी माणसं एकटी पडली आहेत, कारण मुलं बघत नाहीत. औषधपाण्याला सरकारी पेन्शन आहेच. मंडळांनी आणि कंपन्यांनी मिळून तालुक्याला एक वृद्धाश्रम बांधावा; पैसा एकदाच लागेल.’ हेतू चांगला आहे. पण त्यावर आता वर्गणी जमू लागली आहे, म्हणून लिहितो.

‘मुलं बघत नाहीत.’ २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. कमावतं माणूस मुंबईला जाणार, ही इथे गिरण्यांच्या काळापासूनची रीत. नालासोपाऱ्याच्या खोलीतून दर महिन्याला पैसे पाठवणाऱ्या मुलाला नालायक ठरवू नका. त्याचे पैसे पोचतात. आई रात्री पडवीत घसरली तर उचलायला हात पोचत नाहीत.

‘पेन्शन आहेच.’ श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये, तेही वय ६५ आणि वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर. २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागतं. रोजची बीपीची गोळी त्यात बसत नाही.

‘तालुक्याला वृद्धाश्रम.’ माझी आत्या संगमेश्वर तालुक्यात राहते. काका गेल्यावर आम्ही तिला ठाण्याला आणलं, तीन महिन्यांत ती परत गेली. काजू कोण गोळा करणार? शिमग्याला पालखी दारात आली आणि दाराला कुलूप असलं तर? तिला खाट नको आहे. पाणी भरून द्यायला, आठवड्याला साखर तपासायला आणि पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून एसटीपर्यंत न्यायला कुणीतरी हवं आहे. पावसाआधी कौलं परतायला माणूस मिळत नाही, ही तिची सगळ्यात मोठी काळजी. पन्नास खाटांच्या इमारतीत यातलं काय होणार? ज्यांना खरोखर कुणीच नाही, जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्यासाठी वृद्धाश्रम हवेतच. पण वाडीवाडीतली बहुतेक माणसं तशी नाहीत.

‘पैसा एकदाच लागेल.’ भिंतींना एकदाच लागतो. स्वयंपाकीण, नर्स, वीजबिल दर महिन्याला. देणगीदाराला कोनशिलेवर नाव मिळतं, पगाराच्या पाकिटावर मिळत नाही, म्हणून इमारतीला पैसा जमतो आणि माणसांना जमत नाही.

केरळात वेगळी वाट निघाली. १९९३ मध्ये कोझिकोडला उपशामक उपचारांचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्याचं, काम सुरू झालं, पुढे मलप्पुरममध्ये ते वस्तीवस्तीत गेलं. शेजारचेच लोक थोडं प्रशिक्षण घेऊन नर्सबरोबर घरोघरी जातात, खर्चाचा मोठा वाटा स्थानिक लहान देणग्यांतून उभा राहतो. २००८ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी धोरणच आणलं. कंपन्यांनाही अडचण नाही: २०१३ च्या कंपनी कायद्यात सामाजिक खर्चाच्या यादीत वृद्धाश्रमांच्या जोडीला ज्येष्ठांसाठी दिवसभराची केंद्रं आणि इतर सोयीही आहेत.

आमच्या मंडळाच्या पुढच्या सभेत मी ठराव मांडणार आहे. शेजारच्या चार गावांच्या मंडळांसह गावातल्याच एका प्रशिक्षित बाईचा पाच वर्षांचा पगार, स्कूटीचं पेट्रोल, बीपी आणि साखर तपासायची यंत्रं, पाखाड्यांना कठडे आणि दर मे महिन्यात कौलं परतायची मजुरी.