२५२० 'एकमेव' नाही!

सातवीतल्या भाचीनं काल रात्री एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, हे गणिताच्या वहीत लिहू का?" मेसेज तोच, अधूनमधून फिरत येणारा. २५२० ही जगातली सर्वांत विचित्र संख्या, १ ते १० या सगळ्यांनी निःशेष भाग जाणारी एकमेव, गणितज्ञ थक्क, शोध रामानुजन यांचा. आणि गुपित काय, तर आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने!

'एकमेव' पाहू. २५२० ची दुप्पट ५०४०, तिप्पट ७५६०. दोन्हींना १ ते १० ने भाग जातो. दहा लाखांच्या आतच अशा ३९६ संख्या आहेत आणि पुढे त्या संपतच नाहीत. २५२० ही त्यांतली सर्वांत लहान, एवढंच खरं.

माझा खरा राग त्या 'गुपिता'वर आहे. गुणाकार बरोबर येतो, म्हणून मुलांना ते पटतं. पण दिवसांना दिवसांनी गुणून मोजलं काय? आणि सगळे महिने ३० दिवसांचे कधीपासून झाले? उत्तर जुळतं ते अवयवांमुळे. १ ते १० चा लसावि (या सगळ्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) काढताना २ जास्तीत जास्त तीनदा लागतो (८ साठी), ३ दोनदा (९ साठी), ५ आणि ७ एकेकदा. ६ आणि १० त्यातच भागतात. ८ × ९ × ५ × ७ = २५२०, झालं. आता ३० × १२ म्हणजे ३६०, म्हणजेच ८ × ९ × ५. उरला ७, तो आठवड्यातून आणला. सात वर्तुळांचे अंश मोजले तरी २५२० च येतात! बरं, ११ नेही भाग जायला हवा असेल तर कॅलेंडरात काय शोधणार? लसावि लगेच सांगतो: २५२० × ११ = २७,७२०, आणि तिला १२ नेही भाग जातो. १ ते २० साठी २३,२७,९२,५६०. सातवीतल्या मुलीला जे स्वतः काढता येतं, त्यावर गूढतेचा पडदा टाकायचा कशाला?

गणितज्ञ थक्क वगैरे झालेले नाहीत. लसावि काढायची रीत ग्रीक गणितज्ञ युक्लिडच्या 'एलिमेंट्स'च्या सातव्या खंडात आहे, सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीच्या.

रामानुजन यांचं नाव मात्र अगदीच हवेतून आलेलं नाही, हे मान्य करावं लागतं. आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा ज्यांचे विभाजक जास्त, अशा संख्यांवर त्यांचा १९१५ चा मोठा निबंध आहे, लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीनं छापलेला. त्यातल्या यादीत २५२० आहे. तिचे विभाजक ४८. तिच्या आधीच्या १६८० चे ४०. पण त्यांनी ही एक संख्या 'शोधली' नाही, अशा सगळ्या संख्यांची घडण उलगडली. मूळ अवयव मोठा होत जातो तसा त्याचा घात (तो किती वेळा येतो) कधीच वाढत नाही, आणि शेवटच्या अवयवाचा घात १ च असतो, अपवाद फक्त ४ आणि ३६. २५२० मध्ये घात ३, २, १, १ असेच उतरतात.

भाचीला म्हटलं, मेसेज नको, हे लिही: २५२० = २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ७. आणि ४८ विभाजक स्वतः मोजून बघ.