तीन ओळींचा पाहुणचार

"सर, तीनच ओळी आहेत, जरा नजर टाका," असे म्हणून आमच्या कनिष्ठ सहकाऱ्याने शुक्रवारी संध्याकाळी सव्वापाचला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला. त्या ओळी स्ट्रएलकॉपी (strlcpy) नावाच्या, सी भाषेत मजकूर ठरावीक जागेत न सांडता उतरवून घेणाऱ्या फंक्शनच्या पर्यायाच्या होत्या. हे फंक्शन ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 1998 पासून नांदत असले, तरी लिनक्सच्या जीलिबसी (glibc) या सी लायब्ररीने त्याला घरात घ्यायला 2023 साल उजाडले. त्यामुळे जुन्या यंत्रावर ते नसेल तर आपलेच एक असावे, म्हणून हा पर्याय. पाहुण्यांसाठी माळ्यावर ठेवलेली गादीच ती. एरवी तिच्यावर कोणी झोपत नाही आणि म्हणूनच तिच्यातले ढेकूण कोणाला दिसत नाहीत.

पहिली ओळ आकारातून एक वजा करून स्ट्रएनकॉपी (strncpy) या त्याच जातीच्या फंक्शनला बोलावत होती. बफरचा, म्हणजे मजकूर ठेवायच्या जागेचा, आकार शून्य दिला तर? साइझ_टी हा आकार मोजणारा संख्याप्रकार ऋण संख्या जाणतच नसल्याने शून्यातून एक वजा केल्यावर 64 बिटी यंत्रावर 18446744073709551615 उरतात. एवढी उधारी आमचा वाणीसुद्धा देणार नाही. शिवाय स्ट्रएनकॉपी उरलेली सगळी जागा शून्यांनी भरते, म्हणजे 4096 बाइटांच्या बफरात चार अक्षरे ठेवायची तर मागून चार हजारांवर शून्ये. तिसरी ओळ मात्र खरी बेरकी होती. स्ट्रएलकॉपीने मूळ मजकुराची लांबी परत द्यायची असते, जेणेकरून मजकूर कापला गेला हे बोलावणाऱ्याला कळावे. आमच्या पठ्ठ्याने कापून उरलेल्या मजकुराची लांबी दिली होती. शिंप्याने अर्धे कापड ठेवून घेऊन "माप बरोबर आहे" असे सांगावे, तसे.

"पण सर, सगळ्या चाचण्या पास आहेत!" असतीलच. त्याच्या आणि माझ्या लॅपटॉपवर फंक्शन मुळातच असल्यामुळे या तीन ओळी कधी कंपाइलच झाल्या नव्हत्या. मग मी कॉन्फिगरला, म्हणजे यंत्रावर काय आहे-नाही ते आधी तपासणाऱ्या स्क्रिप्टला, "फंक्शन नाही" असे धडधडीत खोटे सांगितले. त्याचा विश्वास बसला, पण पुढे स्ट्रिंग डॉट एच या फंक्शनांची नावे जाहीर करणाऱ्या फाइलने चोरी पकडली: या नावाचे फंक्शन आधीच जाहीर झालेले असताना त्याच नावाचे स्टॅटिक, म्हणजे फक्त या फाइलपुरते, कसे आणता, असा कंपाइलरचा सवाल. पर्यायाला वेगळे नाव देऊन मॅक्रोने (एका नावाच्या जागी दुसरे बसवणाऱ्या सूचनेने) जोडेपर्यंत साडेआठ झाले आणि घरून दोन फोन येऊन गेले. त्यानंतर शून्य आकाराच्या चाचणीने प्रोग्रॅम जागच्या जागी आडवा केला, तेव्हा मला जो आनंद झाला तो घरी सांगण्यासारखा नव्हता.

"अरे, पण इतके जुने यंत्र आता आहे तरी कोणाकडे?" मी वैतागून विचारले.

"ग्राहकाचा सर्व्हर, सर. उबुंटू 22.04. जीलिबसी 2.35, म्हणजे 2023 च्या आधीची."

मी पुन्हा पहिल्या ओळीवर गेलो.